यंत्र एकाचे, खेळ दुसऱ्याचा



खोपोलीहून घाटाकडे मान वर करून पाहिले, की कड्यावरून खाली उतरणारे जाड लोखंडी नळ दिसतात. वर वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांत साठवलेले पाणी या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते आणि पायथ्याच्या वीजघरातील चक्रे फिरवते. गणित सोपे आहे. एक टन पाणी, म्हणजे १००० किलोग्रॅम, गुणिले ९.८, गुणिले ५००. उत्तर येते ४९ लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घर्षणात व यंत्रात थोडे वाया गेले असे धरले, तरी एक टन पाण्यामागे एक युनिट वीज सहज मिळते. टाटांचे हे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि येथली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना जाऊ लागली.

पण आज मला पाण्याविषयी लिहायचे नाही. त्या काळी गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. इंजिन उत्तम चालू असताना ते काढून विजेच्या मोटरी बसवायला गिरणीमालक का तयार व्हावा? वीज येणार याची खात्री नसेल तर तो मोटर घेणार नाही. आणि मोटरी बसणार याची खात्री नसेल तर डोंगरात धरणे बांधायला पैसा कोण देणार? वीज तयार होण्याच्या आधीच गिरण्यांकडून ती घेण्याची कबुली मिळवावी लागली, तेव्हा कोठे हा उद्योग उभा राहिला.

ही जुनी गोष्ट मला आठवली ती एका विद्यार्थ्यामुळे. गेल्या पावसाळ्यात प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर अकरावीचा एक मुलगा मागे रेंगाळला. कर्जतच्या बाजूच्या एका वाडीतला. त्याने चुलतभावाच्या संगणकावर कबड्डीचा खेळ तयार केला होता. चढाई करणारा गडी, सात बचावपटू, मधली रेषा, सगळे होते. ‘कबड्डी कबड्डी’ हा आवाज त्याने स्वतःचाच भरला होता! खेळ दाखवून झाल्यावर तो म्हणाला, “सर, हा टीव्हीला जोडायच्या मोठ्या यंत्रात कसा घालायचा? प्लेस्टेशनमध्ये?”

मी त्याला म्हणालो, “अरे, घालणे अवघड नाही. घालू देणे हा खरा प्रश्न आहे.” हे उत्तर देऊन मी घरी आलो खरा, पण ते मलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेख.

टीव्हीला जोडून खेळ खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. तो आतून एक संगणकच असतो. फरक असा, की घरच्या संगणकात कोणीही लिहिलेली आज्ञावली चालते. कन्सोलमध्ये मात्र यंत्र बनवणाऱ्या कंपनीने मान्य केलेलीच चालते. यंत्र एकाचे आणि खेळ बहुधा दुसऱ्याचे. खेळ नसतील तर यंत्र कोणी घेणार नाही; यंत्रे घरोघर गेलेली नसतील तर त्यांच्यासाठी खेळ बनवण्याची मेहनत कोणी करणार नाही. वीज आणि मोटर यांचाच हा पेच. तो सोडवण्यासाठी यंत्रवाल्यांनी बाहेरच्या खेळ बनवणाऱ्यांशी कसे संबंध ठेवले, कधी धाकाने आणि कधी गोडीने, हे पाहण्यासारखे आहे.

नाव न छापल्याचा परिणाम

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ मध्ये एक यंत्र बाजारात आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यातील कामचलाऊ स्मृती फक्त १२८ बाइट होती. हा लेख छापायचा झाला तर त्यात एक ओळदेखील धड मावणार नाही! एवढ्याशा जागेत चेंडू, भिंती, विमाने, गुणसंख्या असे सगळे सांभाळायचे म्हणजे मोठे कौशल्य. हे काम करणारे प्रोग्रामर कंपनीचे पगारी नोकर होते. खेळाच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले जात नसे आणि खेळ कितीही खपला तरी त्यांना पगाराहून फारसे काही मिळत नसे.

डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांना ते पटले नाही. नोकरी सोडून त्यांनी जिम लेव्ही यांच्याबरोबर १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी बाहेरून खेळ बनवायला सुरुवात केली. यंत्रवाल्याखेरीज दुसऱ्याने खेळ बनवून विकण्याची ही पहिलीच वेळ. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि ॲक्टिव्हिजनने विक्रीतील ठरावीक वाटा अटारीला द्यावा असे ठरले.

येथपर्यंत ठीक झाले. पण अटारीच्या यंत्राला कुलूप नव्हते. ॲक्टिव्हिजनचे पाहून इतर अनेकजण उतरले. त्यांतील कित्येकांना खेळ म्हणजे काय हेही माहीत नव्हते. दुकाने भिकार खेळांनी भरून गेली. स्वतः अटारीनेही ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा खेळ घाईघाईने काढला आणि न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला. (२०१४ मध्ये तो खरोखर उकरून काढण्यात आला.) चांगला खेळ कोणता आणि वाईट कोणता हे घेणाऱ्याला दुकानात कळेना, म्हणून त्याने घेणेच थांबवले. १९८३ मध्ये अमेरिकेत या व्यवसायाची उलाढाल सुमारे ३२० कोटी डॉलर होती. १९८५ पर्यंत ती १० कोटींच्या आसपास उतरली, असे आकडे सांगितले जातात.

दोन चकत्यांचे कुलूप

जपानच्या निन्टेंडो कंपनीने या पडझडीतून धडा घेतला. त्यांचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १९८३ मध्ये निघाले होते. १९८५ मध्ये तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत नेताना त्यांनी त्यात एक इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवले. हे कुलूप भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे आहे.

यंत्रात सिलिकॉनची एक छोटी चकती, म्हणजे चिप, आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जुळी बहीण. (खेळाच्या डबीला आपल्याकडे मुले कॅसेटच म्हणत, मीही तोच शब्द वापरतो.) दोन्ही चिप स्वतंत्रपणे एकच गणित करत राहतात आणि आपापली उत्तरे ताडून पाहतात. दोघींना ठोका देणारे घड्याळ एकच, म्हणून त्या एकमेकींच्या मागेपुढे होत नाहीत. उत्तर चुकले, किंवा कॅसेटमध्ये बहीण नसलीच, तर यंत्रातील चिप मुख्य प्रोसेसरला दर सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. खेळ चालूच होत नाही. दिवा मात्र लुकलुकत राहतो.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. दोन मुलांना वर्गाच्या दोन टोकांना बसवा. दोघांनी ७ या संख्येपासून सुरुवात करायची. नियम असा: संख्येला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी लिहा. ७ पाचे ३५ आणि ३ म्हणजे ३८, बाकी ६. मग ३३, बाकी १. मग ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. शिक्षकांनी टाळी वाजवली की दोघांनी एकदम आपली संख्या ओरडायची. नियम माहीत नसलेल्या तिसऱ्या मुलाला त्यांच्यात सामील व्हायला सांगा. तो किती टाळ्या टिकतो ते पाहा! हुशार मुलगा असेल तर एक गोष्ट त्याच्या लक्षात येईल, की विषम आणि सम संख्या आळीपाळीने येतात. म्हणजे आपले हे कुलूप तकलादूच. निन्टेंडोच्या चिपमधले गणित याहून गुंतागुंतीचे होते, पण तत्त्व हेच.

किल्ली हाती असल्यामुळे निन्टेंडोला अटी घालता आल्या, आणि त्या कडक होत्या. बाहेरच्या कंपनीने अमेरिकेत वर्षाला पाचच खेळ काढायचे. कॅसेटी निन्टेंडोच बनवून देणार. किती हव्या ते आधी सांगायचे आणि पैसे आधी भरायचे. माल पडून राहिला तर नुकसान खेळ बनवणाऱ्याचे. शिवाय तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रासाठी काढायचा नाही. पाचच खेळांची अट मला स्वतःला पटते. पाच काढायचे म्हटले की माणूस बरे पाच निवडतो. दोन वर्षांची अट मात्र उघड दांडगाई होती, आणि सरकारी चौकशीचा दाब वाढल्यावर १९९० च्या सुमारास ती सोडून द्यावी लागली.

काहींनी कुलूप फोडायचा प्रयत्न केला. अटारी गेम्स या कंपनीने चिपमधली आज्ञावली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवली आणि स्वतःची किल्ली घडवली. १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला.

आता तुमच्यापैकी कोणी विचारेल, की आपल्याकडे नव्वदच्या दशकात मिळणाऱ्या त्या पिवळ्या कॅसेटी कशा चालायच्या? माझ्या लहानपणी सुट्टीत ताशी भाड्याने ते यंत्र मिळे. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. मोजले तर खेळ पाच-सहाच, बाकी तेच पुन्हा पुन्हा. जपानमधल्या मूळ यंत्रात कुलूप नव्हते आणि आपल्याकडची स्वस्त यंत्रे बहुधा त्याच्याच नकला होत्या. आम्ही मारिओ मनसोक्त खेळलो. तो बनवणाऱ्याला आमच्याकडून एक पैसाही गेला नाही, हे तेव्हा डोक्यातही आले नव्हते.

धाक सुटला, गोडी आली

सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन काढले, तेव्हा यंत्रांच्या या धंद्यात ते नवखे होते. नवख्याला दांडगाई परवडत नाही. त्यांनी कॅसेटऐवजी सीडी घेतली. कॅसेट म्हणजे आत महागड्या स्मृतिचिप. त्या मागवल्यावर हाती यायला महिने लागत. सीडी म्हणजे प्लॅस्टिकची छापलेली तबकडी: स्वस्त, काही दिवसांत तयार होणारी आणि सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावणारी. खेळ खपला तर आणखी छापा, नाही खपला तर थोडक्यात निभावले. म्हणजे खेळ बनवणाऱ्याच्या डोक्यावरचा धोका एका तबकडीने उतरवला. शिवाय सोनीने सी या भाषेत लिहिता येईल अशी तयार साधनेही दिली. परिणाम काय झाला? जपानची स्क्वेअर ही कंपनी अनेक वर्षे निन्टेंडोसाठी खेळ करीत होती. निन्टेंडोने नव्या यंत्रातही कॅसेटच ठेवली, तेव्हा स्क्वेअरने आपला ‘फायनल फँटसी ७’ प्लेस्टेशनसाठी केला आणि १९९७ मध्ये तो तीन सीडींवर निघाला.

यश मिळाले की माणसे ऐकेनाशी होतात, कंपन्यांचेही तसेच. २००६ चे प्लेस्टेशन-३ सोनीने फार बुद्धिमान पण फार आडमुठे बनवले. त्याच्या ‘सेल’ प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली लहान गाभे होते. प्रत्येक लहान गाभ्याला स्वतःची २५६ किलोबाइट स्मृती. त्यात काय आणायचे आणि कधी परत न्यायचे हे प्रोग्रामरनेच पाहायचे. मुख्य स्मृतीचीही दोन घरे केलेली: २५६ मेगाबाइट प्रोसेसरला, २५६ चित्रांसाठी. एका घरात जागा रिकामी असली तरी दुसऱ्या घरातले सामान तेथे सहज ठेवता येत नसे. बाहेरच्या खेळ बनवणाऱ्यांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या यंत्राची रचना मार्क सर्नी यांच्याकडे आली. त्यांनी एक साधी गोष्ट केली: जगभरच्या खेळ बनवणाऱ्यांना जाऊन विचारले, तुम्हाला काय हवे? उत्तर आले, की स्मृती एकच आणि सलग द्या. २०१३ च्या प्लेस्टेशन-४ मध्ये सर्वांना सामाईक अशी ८ गिगाबाइट स्मृती होती. यंत्राचा नकाशाच बाहेरच्या माणसांना विचारून काढावा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही लहान गटांसाठी ‘आयडी ॲट एक्सबॉक्स’ ही योजना सुरू केली. निवड झालेल्या गटाला खेळ बनवण्याची दोन यंत्रे फुकट मिळत.

पुण्याचा एक गट

हे सारे आपल्यापासून दूर आहे असे समजू नका. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्लीतल्या क्रिकेटचा खेळ प्लेस्टेशन-२ साठी केला होता. पण मला सांगायची आहे ती पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट.

श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी हा गट २०१७ मध्ये उभा केला. त्यांचा खेळ ‘राजी’ : एका डोंबारी मुलीचा धाकटा भाऊ राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. पैसे जमवण्यासाठी त्यांनी २०१७ मध्येच इंटरनेटवरून लोकवर्गणीचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही; आणि त्या वर्गणीचा नियमच असा, की ठरलेले सगळे जमले नाही तर काहीच मिळत नाही. मग ‘सुपर डॉट कॉम’ हा प्रकाशक मिळाला आणि काम पुढे गेले. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर निघाला. निन्टेंडोने लहान गटांच्या खेळांसाठी केलेल्या त्या दिवशीच्या कार्यक्रमात त्याची घोषणा झाली. इतर कन्सोलवर आणि संगणकावर तो १५ ऑक्टोबरला आला. मधले जवळजवळ दोन महिने तो एकाच यंत्राच्या मालकीचा. १९८५ ची दोन वर्षांची अट आठवते का? तीच ही, पण आता हुकूम म्हणून नाही, सौदा म्हणून: तुम्ही आधी आमच्याकडे या, आम्ही तुमचे नाव जगाला सांगतो. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पहिल्या खेळासाठी ‘राजी’ला नामांकन मिळाले.

यात एक गंमत आणि एक खंतही आहे. २०२० मध्ये निन्टेंडो आपली यंत्रे भारतात अधिकृतपणे विकत नव्हती. पुण्यात बनलेला खेळ पुण्याच्या मुलाला सरळ दुकानातून यंत्र आणून खेळता येत नव्हता.

आपल्याकडचा खेळ बनवणारा आणि आपल्याकडचा गिऱ्हाईक या दोघांकडेही यंत्रवाल्यांचे लक्ष हळूहळू वळत आहे. सोनीने २०२३ मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला. निवडलेल्या भारतीय गटांना पैसा, यंत्रे आणि जाणकारांचे मार्गदर्शन देण्याची ही योजना आहे.

आता हिशेब. समजा, एका खेळाची किंमत १००० रुपये आहे. यंत्रवाल्याचे इंटरनेटवरील दुकान त्यातून साधारण ३० टक्के कापून घेते, उरतात ७००. समजा, प्रकाशकाने खेळ तयार होईपर्यंत २१ लाख रुपये उचल दिली होती आणि ती आधी फिटली पाहिजे असा करार आहे. म्हणजे पहिल्या ३००० प्रती विकल्या जाईपर्यंत गटाच्या हाती शून्य. त्यानंतरचे ७०० निम्मे-निम्मे वाटले, तर गटाला प्रतीमागे ३५०. पाच जणांचा गट असेल तर प्रत्येकाला ७० रुपये, तेही कर वगळण्यापूर्वी. माझ्या विद्यार्थ्यापुढे मी हाच हिशेब फळ्यावर मांडला. तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, “सर, ३००० प्रतींनंतर प्रत्येक प्रतीला ७०, असेही म्हणता येईल ना?” म्हणता येईल, यात शंका नाही.

त्याने पुढे काय करायचे तेही आम्ही पाहिले. कंपनीच्या संकेतस्थळावर खेळ बनवणारा म्हणून अर्ज करायचा. मान्य झाला तर गुप्ततेच्या करारावर सही. सज्ञान नसेल तर वडीलधाऱ्यांपैकी कोणी पाहिजे. मग खेळ बनवण्याचे खास यंत्र मिळते. ते विक्रीच्या यंत्रासारखेच, पण खेळ चालू असताना आत काय चालले आहे हे बाहेरच्या संगणकावरून पाहता येते. खेळ तयार झाला की कंपनीची परीक्षा. खेळ सुंदर आहे का हे तीत पाहत नाहीत. यंत्राला शोभेल असा वागतो का, हे पाहतात. साठवलेला खेळ वीज गेल्यावर शाबूत राहतो का? हातातल्या जॉयस्टिकचा संबंध मध्येच तुटला तर खेळ जागच्या जागी थांबतो का? नापास झाले तर दुरुस्त करून पुन्हा.

“तुझा थांबतो का रे?” मी विचारले. त्याने चढाई सुरू केली आणि मी हळूच जॉयस्टिकची तार उपटली. त्याचा गडी थांबला नाही. मधली रेषा ओलांडून, सातही बचावपटूंच्या मधून, मैदानाची कड सोडून तो पडद्याच्या बाहेर निघून गेला. ‘कबड्डी कबड्डी’ तेवढे ऐकू येत राहिले. मुलाने दप्तर पुन्हा उघडले आणि वहीत लिहून घेतले. पुढच्या गुरुवारी, प्रात्यक्षिक संपल्यावर, तो दुरुस्त केलेला खेळ घेऊन येणार आहे.